विश्लेषण : मुलाने नेमके कुठे बसावे? मॉन्टेसरींच्या छोट्या खुर्चीपासून कोसबाडच्या अंगणापर्यंत… ताराबाई मोडक यांनी शोधलेले उत्तर

लहान मुलासाठी खुर्ची घ्यायची तर आज रंग, किंमत आणि ऑनलाइन रेटिंग पाहिले जाते. खुर्ची मुलाच्या मापाची आहे का, त्यावर बसून त्याला हलता येते का, हे प्रश्न सहसा मागे राहतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न जगभरातल्या बालशिक्षणाच्या मुळाशी होते. महाराष्ट्रात ते सर्वात पुढे नेले ताराबाई मोडक यांनी. परदेशी पद्धतीची बालशाळा त्यांनी शहरात चालवली आणि त्यानंतर डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे त्या पद्धतीला आदिवासी पाड्याच्या अंगणात बसवले. खुर्ची बाजूला राहिली, पण खुर्चीमागचा विचार मात्र त्यांनी सोडला नाही. हा प्रवास कसा झाला आणि आजच्या पालकांना त्यातून काय घेता येईल, याविषयी…

बाकाचे नेमके काय चुकले होते?

एकोणिसाव्या शतकात युरोपात शाळा सक्तीची होऊ लागली आणि लाखो मुले दिवसातले अनेक तास बाकावर बसू लागली. लवकरच मुलांच्या पाठीच्या कण्याला बाक येत असल्याच्या तक्रारी डॉक्टर करू लागले. त्यावर उपाय म्हणून अधिक शास्त्रीय बाक तयार झाले. बैठकीची उंची, बैठक आणि टेबल यांतील अंतर, पाय टेकवायची फळी यांची मापे काटेकोर ठरवली गेली. प्रत्येक मुलाची जागा वेगळी आणि पक्की झाली. मूल त्या चौकटीत इतके नेमके बसायचे, की त्याला हलायला जागाच उरायची नाही.

इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी या उपायावरच बोट ठेवले. मुलाला तासन् तास एका जागी जखडून ठेवल्यामुळे त्याची पाठ वाकते, तर आणखी चांगले जखडणारा बाक हा त्यावरचा इलाज कसा असेल, असा त्यांचा मुद्दा होता. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. तिथे जमिनीला ठोकलेले बाक ठेवले नाहीत. त्याऐवजी मुलांच्या उंचीची हलकी टेबले, छोट्या लाकडी खुर्च्या आणि वेताच्या लहान आरामखुर्च्या आल्या.

या खुर्चीची खरी खुबी तिच्या वजनात होती. चार वर्षांचे मूल ती स्वतः उचलून खिडकीशी नेऊ शकत होते. नेताना धक्का लागला तर ती पडायची आणि आवाज व्हायचा. आपली हालचाल कुठे चुकली हे मुलाला त्या आवाजावरून कळायचे आणि पुढच्या वेळी ते अधिक जपून चालायचे. बाईंनी ओरडायची गरज नव्हती, ते काम खुर्ची करत होती.

चांगली खुर्ची म्हणजे काय? शरीरशास्त्र काय सांगते?

उभे असताना माणसाची कंबर किंचित आत वळलेली असते. खुर्चीत बसताच ओटीपोटाचे हाड मागे फिरते आणि कमरेची ही वळण सपाट होते. मणक्यांमधल्या गाद्यांवर त्यामुळे एका बाजूने जास्त दाब येतो. पाठीला कमरेपाशी आधार मिळाला, तर ही वळण बऱ्याच प्रमाणात टिकते. म्हणून पाठीचा आधार खांद्यापर्यंत उंच असण्यापेक्षा तो कमरेला योग्य जागी लागणे महत्त्वाचे.

दुसरा मुद्दा बैठकीचा. सपाट, कडक फळीवर बसले की शरीराचे बरेचसे वजन बैठकीच्या दोन हाडांच्या टोकांवर येते. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. थोड्या वेळाने माणूस चुळबुळ करू लागतो तो याचमुळे. वेताने किंवा सुतळीने विणलेली बैठक वजनाखाली किंचित दबते, शरीराचा आकार घेते आणि तेच वजन मोठ्या भागावर पसरवते. इराणी हॉटेलांतून दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचे मूळ मायकेल थोनेट यांच्या १८५९ मधल्या प्रसिद्ध खुर्चीत आहे. त्या मूळ खुर्चीची बैठक अशीच वेताने विणलेली होती. गावाकडची सुतळीची बाजही याच तत्त्वावर चालते.

मात्र लवचीकपणालाही मर्यादा आहे. बैठक झोळीसारखी खोल गेली, तर ओटीपोट आणखी मागे कलते, पाठ गोल होते आणि उठताना त्रास होतो. पाठीची फळी रेलल्यावर थोडी मागे जावी आणि परत यावी, पण कोसळल्यासारखी जाऊ नये. थोडक्यात, खुर्चीने शरीराला धरावे, पण बांधू नये.

तिसरा मुद्दा सर्वात कमी माहीत असलेला. प्रौढ माणसाच्या मणक्यातल्या गाद्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब वाढतो आणि कमी होतो तसे द्रव आतबाहेर होऊन त्यांना पोषण मिळते. त्यामुळे कितीही उत्तम खुर्ची असली, तरी तिच्यावर न हलता बसून राहणे शरीराला मानवत नाही. सर्वात चांगली बैठक म्हणजे काही मिनिटांत बदलता येईल अशी बैठक. मॉन्टेसरींनी मुलांच्या निरीक्षणातून जे सांगितले, ते शरीरशास्त्राशी असे जुळते.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई. घरात सुधारणेचे वारे होते आणि मुलींच्या शिक्षणाला विरोध नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात मराठी घरातील पदवीधर स्त्रिया अगदी मोजक्या होत्या.

वकील कृष्णा विनायक मोडक यांच्याशी विवाह झाल्यावर त्या अमरावतीला गेल्या. हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघे कायदेशीररीत्या वेगळे झाले. पदरी लहान मुलगी होती. घटस्फोट हा शब्दही घरात उच्चारला जात नसे असा तो काळ. एकटीने मूल वाढवायचे, नोकरी करायची आणि लोकांच्या नजरांना तोंड द्यायचे, असे तिहेरी ओझे त्यांच्यावर होते. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदाची नोकरी त्यांनी पत्करली. पद मानाचे होते आणि पगार नियमित. त्या तिथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचे आयुष्य यशस्वी म्हटले गेले असते.

स्थिर नोकरी सोडून त्या भावनगरला का गेल्या?

भावनगर येथील दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या हाती मॉन्टेसरींचे लेखन आले आणि त्यांनी वकिली सोडली. बालमंदिरात छडी नव्हती, पाठांतराची सक्ती नव्हती आणि मुलांना जागेवर गप्प बसवण्याचा आग्रह नव्हता.

१९२३ मध्ये ताराबाई या कामात सामील झाल्या. पुढची जवळपास नऊ-दहा वर्षे दोघांनी मिळून मॉन्टेसरी पद्धत भारतीय घरांत बसेल अशी घडवली. मॉन्टेसरींनी काल्पनिक गोष्टींना फारसे स्थान दिले नव्हते. गिजुभाई आणि ताराबाईंनी गोष्टी, गाणी आणि नाटुकली यांना बालमंदिरात मानाची जागा दिली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिका हे मासिक आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागले. पालकांनी मुलांना मारू नये, त्यांच्या वस्तू त्यांच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवाव्यात, त्यांची कामे त्यांना करू द्यावीत, अशा साध्या गोष्टी हे मासिक घराघरांत पोहोचवत होते.

खुर्चीचा मूळ विचार इथे एका पायरीने पुढे गेला. घर मोठ्यांच्या मापाचे असते. कडी उंच, खुंटी उंच, माठ उंच. मुलाला प्रत्येक गोष्टीसाठी मोठ्यांपुढे हात पसरावा लागतो. मुलाच्या मापाच्या वस्तू म्हणजे चैन नसून त्याचे स्वावलंबन आहे, हे या दोघांच्या कामाचे सूत्र होते.

मुंबईतल्या शिशुविहारात कोणता प्रश्न उभा राहिला?

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गात ही शाळा लवकरच लोकप्रिय झाली. बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला. त्याच वर्षाअखेरीस मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा मुक्काम इथेच राहिला आणि देशात मॉन्टेसरी शिक्षणाचे वर्ग भरू लागले.

पद्धत पसरत होती, पण ती कुणापर्यंत जात होती? शास्त्रशुद्ध मॉन्टेसरी साधने महाग असतात. घासून गुळगुळीत केलेले दट्टे, मापात कापलेले ठोकळे, घंटा, मण्यांच्या माळा, शिवाय मुलांच्या मापाची खुर्ची-टेबले. फी परवडणाऱ्या घरांतील मुलांनाच ही शाळा मिळत होती. सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीतून सुरू झालेली पद्धत भारतात आल्यावर सुखवस्तू घरांची झाली होती.

याच सुमारास महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला होता. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत या शिक्षणाची व्याप्ती वाढवून त्यात सात वर्षांखालील मुलांचे पूर्वबुनियादी शिक्षणही धरले गेले. खेड्यातले शिक्षण खेड्यातल्या वस्तूंतून आणि कामांतून व्हावे, ही त्यामागची भूमिका. ताराबाईंना आपल्या प्रश्नाचे उत्तर या दिशेला दिसले. त्यांनी वयाच्या ५३ व्या वर्षी मुंबई सोडायचे ठरवले.

बोर्डीच का? आणि १९४५ हे वर्ष महत्त्वाचे का?

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. घोलवड स्थानकापासून जवळ, चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तिथे १९२० पासून होती आणि शिक्षणाला वाहिलेली माणसेही होती. गावाच्या आसपास दलित वस्ती होती आणि आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. २४ डिसेंबर १९४५ रोजी ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी म्हणून आल्या. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. लहानपणीच विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा परिस्थितीतून त्या शिकून उभ्या राहिल्या होत्या.

केंद्र सुरू झाले ते वर्ष या भागासाठी साधे नव्हते. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये वारल्यांची परिषद भरली होती. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेने वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध हाक दिली होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्यभर मालकाकडे राबायचे, म्हणजे लग्नगडी. वारल्यांनी वेठीला नकार दिला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह काही जण मृत्युमुखी पडले.

त्यानंतर अडीच महिन्यांत बोर्डीचे केंद्र उघडले. जो समाज पिढ्यान् पिढ्या मालकाच्या दारात उभा राहिला, त्याच्या मुलांना शहरातून आलेल्या बायका शाळेत बोलावत होत्या. या बोलावण्यावर पाड्याने लगेच विश्वास का ठेवावा? या भागात खुर्ची ही बसायची वस्तू असण्याआधी अधिकाराची खूण होती. खुर्चीत मालक, तलाठी किंवा फौजदार बसणार आणि वारली खाली बसणार, हीच रीत होती.

मुले शाळेत येईनात, मग काय केले?

केंद्रातील बालवाडी व्यवस्थित होती. साधने होती, शिक्षिका होत्या. पण वस्तीतील मुले येत नव्हती. कारणे शोधल्यावर आळस किंवा अज्ञान ही सोपी उत्तरे चुकीची ठरली. पाच-सहा वर्षांची मुलगी घरी धाकट्या भावंडाला सांभाळत होती. ती शाळेत गेली, तर आईला कामावर जाता येणार नव्हते. मुलगे गुरांमागे जात होते. अंगावर धड कपडे नसलेल्या मुलाला गावातल्या इमारतीत पाऊल टाकायची भीती वाटत होती.

मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जायचे, असे ताराबाई आणि अनुताईंनी ठरवले. साधनांच्या पिशव्या घेऊन शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून, सारवून घ्यायचे आणि तिथेच मुलांना जमवायचे. आधी तोंड-हात धुणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ आणि साधने. मुलगी भावंडाला कडेवर घेऊन आली तरी चालत होते. आई दारातून सारे पाहू शकत होती. ही अंगणातली बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

अभियंत्याच्या भाषेत सांगायचे, तर वापरणारा वस्तूशी जुळत नसेल तेव्हा वापरणाऱ्याला दोष द्यायचा नसतो, आराखडा बदलायचा असतो. मॉन्टेसरींनी बाक मोडून खुर्ची मुलाच्या मापाची केली होती. ताराबाईंनी अख्खी शाळाच मुलाच्या मापाची केली. इथे माप फक्त सेंटिमीटरचे नव्हते. त्यात घर आणि शाळा यांतले अंतर, आईच्या कामाची वेळ आणि कडेवरचे भावंड हेही धरलेले होते.

महागड्या साधनांचे काय झाले?

साधनांमागचा हेतू ठेवून वस्तू बदलण्यात आल्या. मुलाला लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत यांतला फरक हाताने कळावा, हा हेतू. त्यासाठी समुद्रकाठचे शंख-शिंपले, ओढ्यातले गोटे, बिया, पाने, काड्या, माती आणि बांबू पुरेसे होते. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले की क्रम शिकता येतो. चिंचोक्यांनी मोजणी होते. वस्तू हरवली तर दुसरी अंगणाबाहेर मिळते, त्यामुळे शिक्षिकेला ती कपाटात बंद करून ठेवावी लागत नाही.

बसण्याचेही तसेच. सारवलेल्या जमिनीवर मांडलेली चटई उचलून सावलीत नेता येते. उकिडवे, मांडी घालून, गुडघ्यांवर किंवा पोटावर, मूल हवे तसे बसते आणि दर थोड्या वेळाने बसणे बदलते. खुर्चीने मुलाला द्यायची ती हालचालीची मोकळीक अंगणात आपोआप मिळत होती.

कोसबाडच्या टेकडीवर काय उभे राहिले?

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. इथे आजूबाजूला बहुसंख्य वस्ती आदिवासींची. वारल्यांची घरे कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. ताराबाईंनी इथे विकासवाडीचा प्रयोग केला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मोठी बहीण शाळेत, मधला भाऊ बालवाडीत आणि तान्हे पाळणाघरात, अशी सगळी भावंडे एकत्र येऊ लागली. मुलीच्या शाळेतला सर्वात मोठा अडथळा या रचनेने दूर केला.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार आणि मुले गुरांवर नजर ठेवत शिकणार. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग भरले. या प्रत्येक प्रयोगाची सुरुवात एकाच प्रश्नापासून झाली : मूल आत्ता कुठे आहे?

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या उतारवयातही कोसबाडशी जोडलेल्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी २७ सप्टेंबर १९९२ रोजी स्वतःच्या निधनापर्यंत हे काम पुढे नेले.

आदिवासी मुलांना जमीन आणि शहरी मुलांना खुर्ची, हा भेदभाव नव्हता का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. गरिबाच्या मुलाला स्वस्त शाळा आणि त्यालाच प्रयोग म्हणायचे, हा धोका अशा प्रत्येक कामात असतो. जो समाज पिढ्यान् पिढ्या खाली बसवला गेला, त्याच्या मुलाला शाळेतही खालीच बसवणे, असा अर्थ त्यातून निघू शकतो.

ताराबाईंच्या कामात याचे उत्तर दोन गोष्टींत दिसते. एक, अंगणात शिक्षिकाही मुलांबरोबर जमिनीवर बसत होती. कुणी वर आणि कुणी खाली, ही रीत तिथे नव्हती. दोन, वस्तू साध्या होत्या, पण शिक्षिकेचे प्रशिक्षण साधे नव्हते. मुलाचे निरीक्षण, साधनांचा क्रम, आरोग्य, गाणी या सगळ्यांची तयारी कोसबाडला कसून करून घेतली जात असे. पैसा वाचवायचा तो सामानावर, शिक्षिकेवर नाही.

हीच गोष्ट पुढे अनेक ठिकाणी सुटली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण आणि वजन-उंचीच्या नोंदी यांत सेविकांचा बराच वेळ जातो. शिकवण्यासाठी उरतो तो वेळ कमी आणि मानधनासाठी सेविकांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागते. साधेपणा टिकला, पण ज्या प्रशिक्षणाच्या बळावर तो साधेपणा चालत होता, ते सगळीकडे पोहोचले नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने वय ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला आहे. त्यामुळे अंगणवाडीतील शिक्षणाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे.

आजच्या पालकांनी यातून काय घ्यावे?

खुर्ची घ्यायची असेल, तर काही सोप्या चाचण्या घरीच करता येतात. मूल मागे टेकून बसले असता त्याची दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर उंच असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला, त्याच्या उंचीनुसार, साधारण २६ ते ३१ सेंटिमीटर पुरतात. पाय लोंबकळत राहिले की बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि मूल पुढे घसरून पाठ गोल करते.

बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटे जागा हवी. पाठीचा आधार कमरेला लागला पाहिजे आणि रेलल्यावर किंचित लवला तर उत्तम. बैठक कडक असेल तर पातळ गादी किंवा विणलेली बैठक चालते, पण मूल आत रुतेल इतकी मऊ नको. आणि शेवटची चाचणी मॉन्टेसरींची : मुलाला ती खुर्ची स्वतः उचलून दुसरीकडे नेता येते का?

उंच खुर्ची आधीच घेतलेली असेल, तर पायाखाली लाकडी पाट ठेवावा आणि कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. जमिनीवर बसण्याची सवय असेल तर ती मोडू नये. फक्त एकाच प्रकारे, विशेषतः पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून, फार वेळ बसत असेल तर त्याला बसणे बदलायला सांगावे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना मात्र जमिनीवर बसण्याचा आग्रह करू नये, त्यांना हाताचा आधार असलेली, थोडी उंच खुर्चीच योग्य.

बालवाडी निवडतानाही हाच निकष लावता येतो. भिंतीवरची चित्रे आणि रंगीत फर्निचर पाहण्याआधी वर्गात पाच मिनिटे थांबून दोन गोष्टी पाहाव्यात. मुले स्वतःहून जागा बदलत आहेत का? आणि त्यांच्याशी बोलताना बाई त्यांच्या उंचीवर येऊन बसतात का?